माड पडला, पंचनामा झाला. पण खोडाचं काय?
भरपाई झाडाची मिळते, आडव्या पडलेल्या खोडाची जबाबदारी कुणाचीच नाही. कोकणातल्या वाड्यांना ही उधारी महाग पडते आहे

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. दुपारच्या दोन-तीन तासांत श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षभराने, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर ज्यांनी हिंमत करून पुन्हा रोपं लावली, त्यांचा बाणवली माड आता कुठे पहिली पोय काढायच्या बेतात आहे. बाणवलीला फळावर यायला सहा-सात वर्षं लागतात.

नेमक्या याच वेळी बऱ्याच वाड्यांत तक्रार ऐकू येते: नवीन माडाची पाती कात्रीने कापल्यासारखी निघतायत, कोंब मधोमध कुरतडलेला दिसतोय, चांगला वाढलेला माड अचानक मान टाकतोय. काम गेंड्या भुंग्याचं आहे, हे वाडीवाल्याला सांगावं लागत नाही. हा भुंगा एवढा आला कुठून, याचं उत्तर मात्र पुष्कळदा वाडीच्याच कोपऱ्यात, कुंपणाला टेकून पडलेलं असतं. पडलेल्या माडाचं, हाताने दाबलं तर आत जाईल इतकं कुजलेलं खोड.

चुलीत घालायला काय हरकत आहे?

वादळानंतर गावोगाव एकच बोलणं होतं. लाकूडच आहे ना, तुकडे करा, वाळवा, जाळा. ऐकायला सोपं. करून बघितलेल्याला विचारा.

माड हे आंबा-फणसासारखं झाडच नाही. गवत, बांबू, ऊस यांच्या कुळाशी त्याचं नातं जवळचं. खोडाला वर्षाची कडी नाहीत, फांद्या नाहीत, आत पिकलेला गाभा नाही. साग किंवा ऐन आतून घट्ट असतो आणि बाहेर साल, माडाचं उलटं. बाहेरचा चार बोटं काठ कणखर आणि आत भुसभुशीत, दोरे-दोरे असलेला गर. बुंध्याजवळच्या काठाचं लाकूड सुकल्यावर घनमीटरला 600 किलोच्या वर भरतं, तर आतला आणि शेंड्याकडचा भाग 400 च्याही खाली जातो. एकाच खोडात टणक लाकूड आणि थर्माकोलसारखा गर, असा प्रकार.

त्यात पाणी. बुंध्याच्या काठात कोरड्या लाकडाच्या निम्म्याएवढं पाणी असतं, पण शेंड्याकडच्या गाभ्यात ते कोरड्या वजनाच्या तीन-चारपट जातं. म्हणजे वरचा तुकडा उचलून आणलात तर लाकूड नव्हे, पाण्याची घागरच खांद्यावर घेतलीत. हिशेब घालून बघा: 20 मीटर उंच आणि सरासरी 25 सेंटिमीटर जाडीचं खोड म्हणजे साधारण एक घनमीटर माल. ओलं असताना जवळपास एक टन. वाळून हातात राहतं ते निम्म्याहून कमी. त्यातही खरं जळण म्हणावं असा बुंध्याकडचा काठच.

वाळलेलं माडाचं लाकूड पेटत नाही असं नाही. चांगलं पेटतं, भडकन पेटतं आणि तसंच संपतं. निखारा धरत नाही. भात उकडायला किंवा न्हाणीच्या चुलीला, जिथे जाळ मोठा लागतो आणि कुणीतरी सतत सरपण सारायला बसलेलं असतं, तिथे ते चालतं. रात्रभर धुमसत राहणाऱ्या चुलीला नाही. ओलसर असताना घातलं तर धूर इतका की स्वयंपाकघरात बसवत नाही, आणि तो धूर कुणाच्या डोळ्यांत जातो ते सांगायला नको. खोडाच्या राखेत पोटॅश भरपूर असल्याने मोठ्या आचेला ती वितळून जाळीला खडे धरते, म्हणून भट्टीवालेही हे लाकूड नाक मुरडूनच घेतात. मुंबईच्या बेकऱ्यांकडे भंगार लाकूड खपायचं, तो रस्ताही आता अरुंद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं.

खरं तर माडाच्या घरात जळणाची वाण कधीच नव्हती. झावळ्या, पोयी, सोडणं, करवंट्या हे सगळं खोडापेक्षा चांगलं जळतं आणि दरवर्षी फुकट मिळतं. जुन्या लोकांनी माडाचं खोड चुलीत घातलं नाही ते उगाच नव्हे. त्यांनी त्याचा साकव केला, गोठ्याचा वासा केला, मध्ये कोरून पाण्याची पन्हळ केली. पोफळीचं खोड तर उभं चिरून रिपा काढायचे, कुंपणाला, मांडवाला, छपराला. पोफळ बारीक, लवकर फाटते, लवकर वाळते. तिचा प्रश्न माडाइतका अवघड नाही. आता साकव काँक्रीटचे झाले, पाण्याला पीव्हीसी पाइप आला, गोठ्यावर पत्रा आला. खोडाचे जुने गिऱ्हाईक गेले आणि नवीन कुणी आलं नाही.

सरपणाची गरज मात्र संपलेली नाही. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, घरोघर शेगडी पोचली. पण 2025-26 साठी 300 रुपयांची सबसिडी वर्षाला 9 सिलिंडरपुरतीच ठेवली आहे आणि पाण्याची चूल बहुतेक घरांत अजून लाकडावरच आहे. तेव्हा "जाळा" हे उत्तर पूर्ण चूक नाही. प्रश्न आहे तो कोणता भाग, कधी आणि कसा, याचा.

जूनमध्ये पडलेलं लाकूड वाळणार कधी?

इथेच खरी मेख आहे. माडाचं खोड अख्खं ठेवलं तर वर्षभरातही आतून वाळत नाही. ते उभं चिरावं लागतं, जमिनीपासून उचलून, हवा लागेल असं रचावं लागतं. ऑक्टोबरात चिरलं तर मे पर्यंत चुलीत घालण्याजोगं होतं. पण कोकणातली ही दोन्ही मोठी वादळं आली ती ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. निसर्ग जूनच्या तीन तारखेला, तौक्ते मेच्या मध्याला. 2025 ला तर मान्सून 25 मे लाच तळकोकणात उतरला. अशा वेळी पडलेलं खोड पुढचे चार महिने पावसात भिजत, फुगत, कुजत पडतं.

आणि गेंड्या भुंग्याला हवं असतं ते एवढंच. मादी अंडी घालते ती कुजणाऱ्या शेणात, पालापाचोळ्यात आणि मेलेल्या माडाच्या खोडात. अंडं आठ-बारा दिवसांत फुटतं. आतली अळी पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस डोक्याची, हुमणीची थोरली बहीण म्हणावी अशी. ती चार-सहा महिने त्या कुजलेल्या गरावर जगते आणि माडाला काहीच करत नाही. म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. भुंगा होऊन बाहेर पडला की रात्री उडतो, जवळच्या माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उघडलेली कोवळी पाती पोखरतो. पात उघडते तेव्हा त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. मोठा माड अशा दोन-चार पाती सोसतो. लहान रोपाचा कोंब गेला की रोप गेलं.

त्याच्या मागून येतो सोंड्या भुंगा. तांबडा, लांब सोंडेचा. त्याला कुजलेलं नको, ताजी जखम हवी. नुकतं कापलेलं खोड, ताजा बुंधा, चढायला पाडलेल्या खाचा, गेंड्याने केलेली भोकं, सगळ्याच्या वासावर तो येतो आणि याच्या अळ्या थेट जिवंत खोड आतून खातात. भोकातून तांबूस चिकट रस गळायला लागला, खोडाला कान लावल्यावर कुरकुर ऐकू आली, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणजे पडलेल्या माडाचा ताजा तुकडा सोंड्याला बोलावतो आणि तोच तुकडा जुना झाला की गेंड्याला. दोन्ही बाजूंनी मार.

हे घाबरवायला रचलेलं नाही, जगाने बघितलंय. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर गेंड्या भुंगा 2007 मध्ये पहिल्यांदा सापडला. आठ वर्षं तो जेमतेम आवाक्यात होता. मे 2015 मध्ये डॉल्फिन नावाचं वादळ आलं, झाडं आडवी झाली, कचरा उचलला गेला नाही. त्या कुजणाऱ्या ढिगाऱ्यांतून एवढे भुंगे निघाले की वादळातून वाचलेले माडही मरायला लागले. तिथे हा भुंगा नवखा होता. आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी आहे आणि त्याला खाणारी बुरशी, विषाणूही इथे आहेत, त्यामुळे तसंच्या तसं इथे होईल असं नाही. पण ढिगारा पडून राहिला की भुंगे वाढतात, हे गणित बेट बदलून बदलत नाही.

250 रुपयांचा हिशेब

मग खोडं उचलली का नाहीत? आळस म्हणून? वाडीवाल्याला नावं ठेवण्याआधी सरकारी आकडे बघावेत.

निसर्गनंतर फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले. हेक्टर हा शब्द देशावरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला शोभतो. कोकणातली वाडी दहा गुंठ्यांची, पाच गुंठ्यांची. दहा गुंठ्यांना त्या दराने येतात साधारण 5,000. त्यात माडाखाली पोफळ, पोफळीखाली जायफळ, मिरी. ओरड झाली, मग झाडामागे मदत ठरली: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. तौक्तेच्या वेळीही हाच दर राहिला. दहा गुंठ्यांत 17 माड आणि 100 पोफळी पडल्या असं धरलं तर 4,250 आणि 5,000, मिळून 9,250 रुपये. हेक्टरी दरापेक्षा बरं, पण यात पाच-सात वर्षांचं उत्पन्न बुडालं ते धरायचं, नवीन रोपं धरायची आणि 17 टन ओलं लाकूड वाडीबाहेर काढायचं तेही धरायचं.

2020-21 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी होती 238 रुपये. म्हणजे एका माडाची भरपाई म्हणजे एका माणसाचा एक दिवस. एका दिवसात एक माणूस कोयती-कुऱ्हाडीने एक टनाचं खोड तोडून, चिरून, उचलून टाकील? 2025-26 मध्ये तीच मजुरी 312 झाली. आज त्या 250 मध्ये सरकारी दराचाही एक पूर्ण दिवस येत नाही. चेनसॉ, पेट्रोल आणि ट्रॅक्टरचं भाडं तर वेगळंच. वादळानंतरच्या आठवड्यात चेनसॉवाला सांगेल तो भाव असतो, आणि त्याचंही चुकत नाही. माडाच्या खोडात गारगोटीचा अंश असल्याने साखळीची धार बघता बघता जाते.

थोडक्यात, मदतीच्या हिशेबात "झाड गेलं" याला रकाना आहे. "खोड पडून आहे" याला नाही. रस्त्यावरची, विजेच्या तारांवरची झाडं यंत्रणा तातडीने कापते, ते करायलाच हवं. पण कापलेले ओंडके रस्त्याच्या कडेला सरकवले की काम संपलं असं धरलं जातं. ते ओंडके मग कुणाचे? ज्याच्या कुंपणाला टेकले त्याचे. आणि भुंगा तर कुंपण ओळखत नाही. एकाने स्वतःच्या खर्चाने वाडी साफ केली आणि शेजारची वाडी मुंबईकराची, बंद घराची, तर त्याचा खर्च पाण्यात. हा एकेकट्याने सोडवायचा प्रश्नच नाही. ग्रामपंचायतीचा आहे, तालुका कृषी कार्यालयाचा आहे, आपत्ती निधीचा आहे.

फिलिपाइन्सने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर 2013 मधल्या हैयान वादळात तिथल्या सुमारे 3.3 कोटी माडांना फटका बसला. भुंग्याची भीती त्यांनाही होती. तिथे गावांना चेनसॉ आणि फिरत्या करवती दिल्या गेल्या, पडलेल्या माडाच्या फळ्या काढून त्यांचीच घरं उभी राहिली. त्या देशात माडाचं लाकूड बांधकामात आधीपासून सरावाचं होतं, हेही खरं. आपल्याकडच्या सॉ मिलवाल्याला माडाचं खोड दाखवलं तर तो पातं बोथट होईल म्हणून हात जोडतो. कार्बाइड टोकाचं पातं लावलं तर काम होतं, पण दोन-चार खोडांसाठी कोण लावणार? चार गावांची खोडं एका जागी आणली तरच ते परवडतं.

आत्ता काय करता येईल

वादळच यायला हवं असं नाही. वीज पडते, माड म्हातारा होतो, घरावर झुकला म्हणून पाडावा लागतो. दर पावसाळ्याआधी असे माड पाडले जातात आणि पुन्हा तेच घडतं.

माड पाडायचाच असेल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाडलेला बरा. वाळायला सहा महिने हातात मिळतात. बुंध्याकडचा भाग वेगळा करा, तो उभा चिरून काठाच्या फळ्या, खांब, रिपा काढा, उरलेला जळणाला. खोड कधीही अख्खं ठेवू नये. चिरलेलं जमिनीवर नको, दोन दगडांवर रचावं आणि पावसाआधी छपराखाली न्यावं. शेंड्याकडचा पाणचट भाग सरपण म्हणून सांभाळण्यात अर्थ नाही. शेंड्यातला पांढरा गाभा पोरं खातात, तो खाऊन टाकावा. बाकीचे बारीक तुकडे करून उन्हात पसरावेत.

ओलं खोड वाडीतच पेटवून द्यायचा मोह आवरावा. ते पेटत नाही, आठवडाभर धुमसतं, शेजारच्या माडांची मुळं भाजतात आणि उन्हाळ्याच्या वाऱ्याला ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही. वाळलेलं जाळून झाल्यावर राख फेकू नये. माडाला पोटॅश लागतंच, आळ्यात पसरली की परत त्याच्याच पोटात.

पुरायचं असेल तर खोल. वरवर माती लोटली तर भुंगा उकरून आत पोचतो. बुंधा जमिनीत राहिला असेल तर तो जमिनीसरशी कापून, फोडून, मातीने नीट झाकावा. बुंधे लोक हमखास विसरतात.

जुनं कुजलेलं खोड आधीच पडलं असेल तर ते न हलवता पावसाळ्यात जाऊ देणं सर्वांत वाईट. आत्ताच फोडा, अळ्या निघतील, कोंबड्या सोडा, त्या निवडून खातात. फोडणं शक्यच नसेल तर मेटारायझियम ही हिरवी बुरशी खोडावर आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकता येते, अळ्यांना तिची लागण होऊन त्या मरतात. शेणखताचा खड्डा हाही गेंड्याचं माहेरच, हे विसरू नये. खोडं साफ केली आणि खड्डा दोन वर्षं न उपसता ठेवला तर काय उपयोग. बुरशी, कामगंध सापळे याबद्दल रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे विचारावं. रोपांच्या वरच्या पातींच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू घालायची जुनी पद्धत आहेच, ती बंद करू नये.

परवानगीचा गोंधळ पुष्कळांना आहे. 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ आहेत, माड-पोफळ नाहीत. पण श्रीवर्धन, मुरुड, अलिबागसारख्या नगरपरिषद हद्दीत 1975 चा शहरी झाडांचा कायदा लागू होतो आणि तिथे कुठलंही उभं झाड पाडायला आधी परवानगी लागते. वाडीत माडाबरोबर पडलेला फणस किंवा आंबा विकायचा, हलवायचा असेल तर वनखात्याकडे विचारूनच गाडीत भरावा.

आणि पंचनामा. वादळानंतर तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक वाडीत येतात तेव्हा झाडं मोजून घेतली जातातच. त्याच दिवशी खोडांचाही फोटो, संख्या आणि ती उचलायला लागणारा खर्च लेखी द्यावा, ग्रामसभेत एकत्र ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावा. त्याला पैसे मिळतीलच असं आज कुठलाही नियम सांगत नाही. पण झाडामागे मदतही आधी नियमात नव्हती. दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्यांनी ओरड केली तेव्हाच ती आली. बंद घरांच्या वाड्यांची यादी पंचायतीने मे मध्येच करून मुंबई-पुण्यातल्या मालकांना फोन लावले, तर गणपतीला ते गावी येतील तेव्हा खोडाची विल्हेवाट लावण्याचं बोलणं तरी होईल. गणपतीपर्यंत थांबलेल्या खोडात तोवर अळी वाढलेली असणार, म्हणून मालकाने तोंडी हो म्हटलं तरी फोडण्याचं काम पंचायतीने लगेच हाती घ्यायला हरकत नाही.